बिनकंसाच्या आज्ञा

माणसाची अब्रू कशापायी जाईल, ह्याचा नेम नाही. आमच्या कॉलनीतल्या एका हेडमास्तरांची लग्नातल्या नाचापायी गेली, एका ग्रामसेवकाची मोबाइलवर चुकून पाठवलेल्या फोटोपायी गेली. माझी कंसापायी गेली. कंस म्हणजे पुराणातला मामा नव्हे. गणितातला. फुटलेल्या बांगडीचे दोन तुकडे समोरासमोर ठेवल्यासारखा दिसतो तो.

मी आनंदराज गजभारे. नांदेडच्या एका जुन्या शिक्षणसंस्थेत संगणक शिकवतो. आमची शाळा आणि कॉलेज एकाच आवारात आहेत आणि दोन्हींच्या मधोमध रेकॉर्ड रूम आहे. तिथं चांदबी आपा एकतीस वर्षांपासून बसत होत्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यांची जुनी बुकं त्यांच्या ताब्यात. एका पानावर एक विद्यार्थी. गेल्या पावसाळ्यात त्या बुकांना वाळवी लागली ती अशी, की पान उलटलं की उलटलेल्या बाजूला काही यायचंच नाही. तेव्हा संस्थेनं घाईघाईनं उरलेल्या पानांचे फोटो काढून घेतले. अकरा हजार तीनशे शहाऐंशी. चांदबी आपांनी चार महिने बसून एकेका फोटोला नाव दिलं: विद्यार्थ्याचं नाव, गाव, साल. त्या वयात, त्या चष्म्यानं.

मग एक दिवस त्या माझ्याकडं आल्या. "सर, नावं तर दिली सगळ्यांना. पन कुनी आलं की खाली-खाली जाऊन माझं बोट दुखून राहिलं. कायतरी सोपं करा ना."

कंप्युटरच्या खिडकीत वर कोपऱ्यात एक शोधायचा चौकोन असतो. त्यात नाव टाकलं की फाइल सापडते. तो चौकोन आपांना दाखवून मी चहा प्यायला गेलो असतो, तर आज सन्मानानं जगत असतो. पण मी संगणकशास्त्राचा पदव्युत्तर माणूस. चौकोन दाखवायला पदव्युत्तर कशाला लागतो?

माझ्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती. कंप्युटरला हुकूम द्यायची जुनी पद्धत म्हणजे काळा पडदा. त्यावर एक शब्द टंकला की काम होतं. एका हुकुमाचं उत्तर दुसऱ्या हुकुमाला द्यायचं असलं की मधे एक उभी रेघ मारायची. सुटसुटीत, पण त्याचं व्याकरण अगदीच खेडवळ. उलट पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. व्याकरण शुद्ध, सगळी कामं करते, पण एक फाइल शोधायला चार ओळी लिहायला लावते. ह्या दोघांचं लग्न लावायचं मी ठरवलं. पायथनच्या घरात काळ्या पडद्याची सून आणायची आणि तिला मराठी बोलायला लावायचं. 'शोध', 'मोज', 'छाप', 'पुस'. चार शब्दांत सगळी रेकॉर्ड रूम.

घरी धम्मप्रियाला सांगितलं. ती अर्धापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळं समोरच्याचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आत तिला चूक दिसते.

"अहो, पण त्या वरच्या चौकोनात नाव टाकलं तर सापडत नाही का?"

"सापडतं," मी म्हणालो. "पण त्यात शास्त्र नाही."

ती वह्या तपासायला बसली.

पंधरा दिवसांत मी पहिली आवृत्ती आपांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर-खाली करून पडद्याकडं पाहिलं. मी टंकलं होतं: शोध, मग कंस उघडा, अवतरणचिन्ह, कंधार, अवतरणचिन्ह, कंस बंद.

"हे दोन बाजूला काय हाय?"

"कंस, आपा. त्याशिवाय हुकूम चालत नाही. कंस दिला की पायथनला कळतं, हे करायचंय."

"मी शिपायाला हाक मारते तवा कंसात मारते का सर? 'ए, पाणी आण' म्हनलं की आणतो. नक्को हे कंस. माझ्याकडून एक उघडा राहील, मग तुमीच वरडताल."

बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. आठवडाभर मी कंस काढायच्या मागं होतो. गावाचं नाव टिंब देऊन जोडता आलं: 'शोध.कंधार'. पण नुसतं एवढं टंकून पायथन काम करीना. कंस नसला की तो म्हणतो, मला काम सांगितलेलं नाही, फक्त नाव घेतलंय. मग मला एक युक्ती सुचली, आणि सुचली त्या क्षणी मी खुर्चीतून उठून आरशापुढं जाऊन आलो. पायथनपुढं कुठलीही वस्तू ठेवली की 'तू दिसतोस कसा?' असं तो त्या वस्तूला विचारतो, आणि वस्तू जे सांगेल ते पडद्यावर दाखवतो. मी माझ्या हुकुमांना शिकवून ठेवलं: दिसतोस कसा असं कुणी विचारलं, की आधी काम करून टाक आणि मग उत्तर दे. झालं! आता नाव घेतलं की काम. कंस गेले.

आमच्या शेजारी वीरण्णा काका राहतात. मूळचे उदगीरचे, वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून ते आमच्या घरातल्या प्रत्येक कामाला सल्ला देतात. मी त्यांना ही युक्ती मोठ्या हौसेनं सांगितली. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली.

"अय्यो, म्हंजे बघा सर, आमच्याकडं कसं, पाटी एकीकडं आन् बटन एकीकडं. पाटीवर लिहिलेलं असायचं 'मोटार'. पाटी वाचली म्हणून मोटार चालू होत नव्हती. बटन दाबलं की व्हायची. तुमच्यात पाटी वाचली की मोटार चालू?"

"तीच तर मजा आहे, काका."

"मजा आहे हो. पण पाट्या वाचायला कुनी आलं तर?"

मी त्यांना विजेत आणि माहितीत काय फरक असतो, ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. काका मान हलवत आत गेले. त्यांनी चाळीस वर्षं खांबावर काढली आणि एकदाही झटका खाल्ला नाही, ही गोष्ट मी तेव्हा विचारात घ्यायला हवी होती.

पुढं संस्थेचं वळण आलं. प्राचार्यांना काम आवडलं, आणि आमच्या प्राचार्यांना काही आवडलं की ते समिती नेमतात. 'आज्ञाशब्द निश्चिती समिती', सदस्य पाच. मराठी विभागानं पहिल्याच बैठकीत हरकत घेतली, की 'शोध' हा एकेरी आहे. संस्थेच्या मालमत्तेला एकेरी बोलता येईल काय? 'शोधा' हवं. इतिहासवाल्यांचं म्हणणं पडलं, की यंत्राला अहोजाहो केलं तर उद्या ते रजा मागेल. यात दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत 'पुस' निघाला. मराठीत 'पुस' म्हणजे मिटव, आणि 'पुस' म्हणजे विचार असंही होतं. त्यावर इतिवृत्तात अशी नोंद आहे: "संदर्भाने अर्थ स्पष्ट होईल." तो झाला.

चौथ्या बैठकीत प्रश्न आला, की गाव न सांगता सगळ्याच फाइली हव्या असतील तर काय म्हणायचं? एकमतानं शब्द ठरला, 'सार्‍या'. मी घरी येऊन टंकला तर पायथन तो घेईना. दोन दिवसांनी कळलं, की त्या 'र्‍या'मधला र तसा आडवा दिसावा म्हणून आमचा कळफलक मधे एक न दिसणारं अक्षर घालतो, आणि न दिसणारी अक्षरं पायथनला नावात चालत नाहीत. मी समितीला म्हटलं, 'सगळ्या' घेऊ. मराठी विभागप्रमुख म्हणाले, एका परदेशी भाषेच्या हट्टापायी आपण आपला शब्द सोडणार नाही. चर्चा इतकी तापली, की शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला: शब्दच नको. गाव सांगितलं नाही तर सगळं, असा नियम करा.

मला तो नियम फार पटला. 'शोध' म्हटलं की सगळ्यांचा शोध. 'मोज' म्हटलं की सगळ्यांची मोजणी. चारी आज्ञांना एकच न्याय. मी तो त्याच संध्याकाळी बसवून टाकला. न्यायबुद्धीनं माणसाचं किती वाटोळं होतं, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

लातूरला महाविद्यालयांच्या नव्या उपक्रमांचं प्रदर्शन भरणार होतं. प्राचार्यांनी मला पाठवायचं ठरवलं. मी म्हटलं, खोट्या फाइलींवर दाखवण्यात दम नाही, खऱ्या दाखवू. ऑफिसच्या कंप्युटरला जागा अपुरी पडत होती म्हणून तिथल्या सगळ्या फाइली मीच आठ दिवसांपूर्वी तिथून हलवून एका डिस्कवर घेतल्या होत्या. दुसरी प्रतही होती. मी इतका बेजबाबदार नाही. ती त्याच डिस्कवर, 'जपून_ठेवलेलं' नावाच्या फोल्डरात होती.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता डिस्क मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "डबा हाय का?" मी म्हणालो, "रेकॉर्ड आहे." त्या खिडकीकडं सरकल्या.

लातूरच्या सभागृहात दीडशे माणसं होती. परीक्षक दामिनी मॅडम. बाई हुशार; माझ्या आधीच्या तिघांना त्यांनी दोन-दोन प्रश्नांत खाली बसवलं होतं. मी 'शोध.कंधार | मोज' टंकलं. पडद्यावर उमटलं: चारशे बारा. टाळ्या झाल्या. मी सांगितलं, की ह्यात एकही कंस नाही. मागच्या रांगेतल्या पायथन शिकवणाऱ्या एका माणसानं तर चक्क उभं राहून पाहिलं. तो क्षण माझा होता. त्यानंतरचा एकही माझा नव्हता.

दामिनी मॅडम पुढं झुकल्या. "छान आहे, सर. अशा किती आज्ञा केल्यात तुम्ही? सगळ्यांची यादी दाखवता का एकदा?"

यादी माझ्याकडं तयार होती. तिचं नाव 'आज्ञा'. मी ते टंकलं आणि कळ दाबली.

पायथननं यादी घेतली आणि शिस्तीत, अकारविल्हे, एकेकीला विचारायला सुरुवात केली: तू दिसतेस कशी?

पहिली 'छाप'. गाव सांगितलेलं नव्हतं, म्हणजे सगळं छाप. कोपऱ्यातला प्रिंटर दचकून जागा झाला, गुरगुरला, आणि कागद नाही म्हणून लाल दिवा लावून गप्प बसला. त्यात कागद असता तर निदान दोन-चारशे माणसं तरी वाचली असती. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसरी 'पुस'.

डिस्कचा निळा दिवा भराभरा लुकलुकायला लागला. मी पडद्याकडं पाहत होतो आणि माझ्या हाताला काही सुचत नव्हतं. मग तिसरी 'मोज' आली आणि तिनं प्रामाणिकपणे मोजून सांगितलं: शून्य. चौथी 'शोध' आली. तिनं सगळीकडं शोधलं असणार, कारण तिला थोडा वेळ लागला. तिच्यापुढं काहीच उमटलं नाही.

दामिनी मॅडमनी कौतुकानं मान हलवली. "वेगवान आहे," त्या म्हणाल्या.

मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. त्यावर "जलद कार्यवाहीबद्दल" असं छापलेलं आहे. धम्मप्रियानं ते कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलंय. विचारलं तर म्हणते, सुरकुत्या पडू नयेत म्हणून.

नांदेडात परतल्यावर घरी न जाता वकारभाईंच्या दुकानात गेलो. कंप्युटर दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा माणूस आमच्या भागात नाही. त्यांनी दोन दिवस डिस्क ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुबारक हो सर, तस्वीरें सगळी वापस आली. एकबी गेली नाही."

मी त्यांचे हात धरले.

"बस एक हाय," ते म्हणाले. "नावं नाही आली."

अकरा हजार तीनशे शहाऐंशी फोटो आणि त्यांची नावं 'फाइल एक', 'फाइल दोन', 'फाइल तीन'. क्रमही मोडलेला. पासष्ट सालचा उदगीरचा माणूस नव्वद सालच्या अर्धापूरच्या मुलीशेजारी.

आता चांदबी आपांना सांगणं भाग होतं. त्यांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाटीचं, यादीचं, 'पुस'चं. काही लपवलं नाही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"सर, एक इचारू? त्या मशिनीला 'थांब' म्हनायचा शब्द होता का?"

मी आठवून पाहिलं. पाच माणसांची समिती, सहा बैठका, शोध की शोधा, उभी रेघ की आडवी. 'थांब' कुणालाच सुचला नव्हता.

"नव्हता, आपा."

"हौ," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्या अकराला या. मी वाचते, तुमी टंका. माझे डोळे ऱ्हायले न्हाईत आता दोन्ही करायला."

प्राचार्यांनी आपल्या परीनं उपाय केला. एक रबरी शिक्का बनवून घेतला: "अभिलेख आढळून येत नाही." दाखला मागायला कुणी आलं की अर्जावर मारून द्यायचा. आणि आपांच्या जागी रेकॉर्ड रूमचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडं दिला. आदेशात लिहिलंय, "सदर अभिलेखांशी असलेला आपला निकटचा संबंध विचारात घेऊन."

नऊ दिवसांत आम्ही दोन हजार तीनशेपर्यंत आलो. मग आपांचा निरोप समारंभ झाला. शाल, भाषणं झाली. प्राचार्य म्हणाले, की आपांचं नाव संस्थेच्या इतिहासातून कधी पुसलं जाणार नाही. 'पुसलं' म्हणताना सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी अकराला मी एकटाच रेकॉर्ड रूम उघडली, तर आपा मागून आल्या.

"आपा, तुम्ही आता निवृत्त झालात."

"रिटायर झाले सर, मेले न्हाई. घरी नात अलीझा म्हनते, नानी, आराम कर. आराम करून बघितला सकाळी. न्हाई जमत. चला, कोनती होती?"

पाच हजारांच्या आसपास असताना एक बाई खिडकीशी आल्या. कंधारहून सकाळच्या गाडीनं आलेल्या, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. नाव पंचफुला. अंगणवाडीत मदतनीस आहेत. ऑफिसनं त्यांना वयाचा पुरावा मागितला होता आणि पुरावा म्हणजे आमच्या शाळेचा दाखला. लहानपणी मामाकडं राहून इथं सातवीपर्यंत शिकल्या होत्या.

मी शिक्का हातात घेतला. आपांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी तो खाली ठेवला.

"बाई, तुमचा कागद आहे आत," मी म्हणालो. "पण कुठं आहे, ते आम्हाला माहीत नाही. थांबावं लागेल."

"थांबते की. मला काय काम हाय? घरी गेले तर भाकरीच थापायच्या."

त्या आत येऊन बसल्या. आपा वाचायच्या, मी टंकायचो, पंचफुलाबाई पडद्याकडं बघायच्या. एकामागून एक नावं जात होती. मधेच एकीला त्यांनी ओळखलं. "ही सिंधु! माझ्या बाकावर बसायची. लई गुणाची." पुढं म्हणाल्या, "ही साखरा. हिचं लगीन आठवीत केलं." आपांनी वाचायचं थांबवलं नाही, पण आवाज हळू केला. त्या दिवशी सापडलं नाही. बाई नांदेडात बहिणीकडं राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सापडलं. आपांनी पूर्ण नाव वाचलं, गाव वाचलं, साल वाचलं. मी खुर्चीतून उठलो. ह्या सगळ्या प्रकरणात मी कुणासाठी तरी शोधलेली ती पहिली गोष्ट होती. मी पडदा बाईंकडं वळवला.

त्यांनी वाकून पाहिलं. जन्मतारखेवर बोट ठेवलं, बोटांवर काहीतरी मोजलं, परत पडद्याकडं पाहिलं.

"ह्ये तर वय दोन वर्सं जास्त लिहिलंय मामानं," त्या म्हणाल्या. "असं असंल तर मी ह्याच महिन्यात घरी बसले की."

बाईंची नजर टेबलावरच्या शिक्क्यावर गेली. त्यांनी अक्षर न् अक्षर जुळवून तो वाचला. सातवी झालेल्या होत्या.

"साहेब, ह्यो मारून द्या की. सापडलं न्हाई म्हना."

मी आपांकडं पाहिलं. आपा आपल्या चष्म्याशी काहीतरी करत होत्या. कार्यभार माझ्याकडं होता. मी शिक्का उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मग कागदाची नक्कल काढली, सही केली आणि बाईंच्या हातात दिली. मान वर करून त्यांच्याकडं बघवेना.

पंचफुलाबाईंनी कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. रागावल्या नव्हत्या. दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या आणि वळून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, मला विचारलं,

"बस स्टँडावर म्हनत व्हते, साहेबाच्या हातून समदं गेलं म्हून. मंग ह्ये येवढंच कसं ऱ्हायलं?"